क्रमांक २०३

आमच्या शाळेत चारशे बारा लॅपटॉप आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला एक, प्रत्येक शिक्षकाला एक, आणि सगळ्यांच्या दुरुस्तीला मी एकटा. क्रमांक १ माझा. तक्रार संगणकावर येते, मी लॅपटॉप तपासतो, शेरा मारतो, तक्रार बंद.

सोमवारी तक्रार आली: ‘क्रमांक ८७. स्क्रीन डाव्या कोपऱ्यातून तडकली.’ पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. वर्गात जाऊन पाहिलं, तर स्क्रीन ठणठणीत. पोरांना उद्योग नाहीत असं पुटपुटत मी नेहमीचा शेरा मारला, ‘दोष आढळला नाही.’ मंगळवारी ८७ जिन्यावरून पडला. तडा डाव्या कोपऱ्यातूनच गेला होता.

मग गणिताच्या बाईंचा क्रमांक आला: ‘चहा सांडला.’ मी त्यांना म्हटलं, “कप जरा लांब ठेवा.”

“आता भविष्यही सांगायला लागलात का?” त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप निथळत घेऊन आल्या, तेव्हा हसल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी तिसरी तक्रार आली: ‘क्रमांक २०३. आत नदीचा गाळ. दप्तरासह मिळाला. विद्यार्थिनी मिळाली नाही.’

२०३ माझ्या मुलीचा. ती सातवीत आहे. शुक्रवारी तिचा वर्ग पाण्याचे नमुने घ्यायला नदीवर जाणार होता. घरी गेल्यावर मी तिला सांगितलं, “उद्या नदीवर जायचं नाही.”

“बाबा, सगळ्याजणी चालल्यात. मी एकटीनेच काय केलंय?” ती रडकुंडीला आली.

“अहो, कुणीतरी चेष्टा केली असेल,” बायको म्हणाली. “तेवढ्यावरून पोरीला घरात कोंडणार?”

मी नमतं घेतलं. पण मुलगी झोपल्यावर तिच्या लॅपटॉपचा क्रमांकाचा स्टिकर सोलून माझ्या लॅपटॉपवर लावला आणि माझा तिच्या. आयुष्य नंबर चिकटवण्यात गेलं, उपायही तोच सुचला. काही व्हायचंच असेल तर मला होऊ दे.

शुक्रवारी नऊला बस गेली. मी खोलीत बसून राहिलो. समोर २०३, कोरडा.

अकरा वाजले. काही झालं नाही.

मला हायसं वाटलं. शेरा मारायला मी कालची तक्रार उघडली.

‘क्रमांक १. आत नदीचा गाळ. दप्तरासह मिळाला. विद्यार्थिनी मिळाली नाही.’

वर्गाबरोबर गेलेल्या बाईंचा फोन लागेना. पुन्हा लावला. लागेना.

तक्रारीखाली आणखी एक ओळ होती.

‘स्टिकर नुकताच बदललेला आहे.’