फाटकाशी टेकवलेला जनाजा

चहा घ्या, सांगतो. फक्त मध्ये बोलू नका, माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

आमच्या ओश शहराच्या मधोमध कोकदोबो टेकडी. माथ्यावर कब्रस्तान. बाजाराकडून पायऱ्या, अर्ध्या तासात वर. दुसरी वाट मागच्या खडकातून, बकऱ्यांची. गेल्या हिवाळ्यात कुणा बड्या धेंडाने वर हॉटेल काढलं, रोपवे बसवला आणि पायऱ्यांना फाटक ठोकलं. टेकडी काय याच्या बापाची?

माझ्या बापाला त्याच पायऱ्यांनी जायचं होतं, आईशेजारी. दुपारी जनाजा घेऊन आलो, तर कुलूप.

"मागून जा. मला हुकूम नाही," पहारेकरी कुबानिच म्हणाला.

"मेलेल्या माणसाला कसला रे हुकूम?" मी त्याची गचांडी धरली. त्या झटापटीत खांदेकऱ्यांनी जनाजा खाली टेकवला.

शेजारचे म्हातारे सोबिरआका ओरडले, "उचला! वाटेत टेकवायचा नसतो. गेलेल्याला वाटेल, मुक्काम आला..."

उचलला. मागच्या वाटेने धडपडत नेला, बाबांना आईशेजारी पुरलं.

चाळिसाव्या दिवशी भरदुपारी कुबानिच माझ्या रोट्यांच्या तंदूरवर आला. चेहरा पांढराफटक.

"ओदिलआका, वडिलांना घेऊन जा... रोज फाटक हलवतात."

"ते वर आहेत, मूर्खा."

"या, बघा."

फाटकासमोर बोटभर बर्फ. त्यात लांबट, कोरड्या पाच जागा.

"पाच जनाजे परतवले मी," तो पुटपुटला. "खांबापाशी तुमचा."

"उघड कुलूप, हरामखोरा!"

उघडलं. मी खांदा वाकवून म्हणालो, "चला, बाबा." आणि ओझं आलं... खरंच आलं. पण किती हलकं! पिठाची पोती उचलणारा गडी, आजाराने एवढा झिजला? चढताना मला रडू फुटलं. आईच्या कबरीशी ओझं उतरलं. म्हटलं, "आई, घे. सांभाळ."

खाली आलो. बर्फ भुरभुरत होता. मी बाहेर पडताच कुबानिचने पुन्हा कुलूप घातलं.

एक जागा बर्फाने भरली होती. पण खांबापाशीची नाही, ती तशीच कोरडी. भरली होती ती कोपऱ्यातली. हातभर लांबीची.

"ही... कुणाची?"

"शिंप्याची पोरगी. चार महिन्यांची. पाळण्यातच आणली होती..."

तेवढ्यात फाटक दणादण हललं. कुबानिच किल्ली घेऊन कुलपाकडे धावला.

मी ओळखलं. बाबा रागावले की दार असंच ठोकायचे.