काढून टाकलेली भीती

बरणी तशी काही जड नव्हती. लोणच्याची असते तेवढीच, पांढऱ्या झाकणाची. आत औषधाचं पाणी आणि त्या पाण्यात लिंबाएवढी पिवळसर गाठ. निकिता सिस्टरनं ती कॅरीबॅगेत घातली, वर फॉर्म ठेवला आणि धनराजच्या हातात दिली.

"कॉलेज रोडच्या लॅबमध्ये द्यायची. दोनच्या आत. वाटेत कुठं खाली ठेवू नका. तोवर आम्ही पेशंटला आयसीयूतून इथं वॉर्डात आणतो."

समोरच्या खाटेवर देवळ्याचे धोंडीरामबाबा होते, मुतखड्याचे पेशंट. निघालेला खडा डबीत घालून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. त्यांनी बरणीकडं पाहिलं, मग आपल्या डबीकडं पाहिलं.

"आरं बापरे! माझा तर शेंगदान्यायेवढा, तरी मी वार्ड डोक्यावर घेतला व्हता."

"तिनं बी लय सोसलं, बाबा. चार वर्षं," धनराज म्हणाला आणि बाहेर पडला.

उज्वला त्याची बायको. दोघं येवल्याचे, घरच्या मागावर पैठणी विणणारे. चार वर्षांपूर्वी विणता विणता एकदम तिच्या हातातला धोटा थांबला. ती घामानं निथळली, छातीत धाडधाड व्हायला लागलं. "माझ्या मागं कोन तरी उभं हाय," ती म्हणाली. "वल्या पोत्याचा वास येतोय." धनराजनं बघितलं. मागं काय असणार, कप्पाळ!

मग ते आठवड्याला व्हायला लागलं, पुढं रोज. दर वेळी उज्वला धडपडत उठायची, अंगातलं सगळं बळ एकवटून ओरडायची, "चालतं हो! इथं बसायचं नाय!" ते जाईपर्यंत ओरडायची, आणि मग पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडून राहायची.

धनराज वाईट माणूस नव्हे. पण चेष्टेखोर, आणि काडीचंही भय नसलेला. स्मशानात झोप म्हटलं तर उशी मागेल असा. "झालं, नाटक कंपनी सुरू!" असं चार लोकांत म्हणायचा. एकदा तर गंमत म्हणून गुपचूप तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि "भो!" केलं. ती तिथंच कोसळली. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही नका वो तसं उभं राहू."

लिंबू-मिरच्या झाल्या, अंगारे झाले. शेवटी येवल्याच्या एका डॉक्टरनं तिचं बीपी मोजलं आणि पट्टा न सोडताच नाशिकला फोन लावला. दोनशे तीस होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन समोर धरला. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे. संकट आलं की माणसाला घाबरवून सावध करायचं हे तिचं काम. उज्वलाच्या त्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती कारण नसताना भीती ओतत होती.

"बाहेर कुणी नसतं हो," डॉक्टर म्हणाले. "भीती आधी येते. मग मन तिच्यासाठी माणूस शोधून काढतं."

धनराज त्या दिवशी दवाखान्याच्या बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि ढसाढसा रडला. खरं आजारपण, आणि आपण हसत बसलो! देवा, एकदा फक्त हिला मागावर निवांत बसू दे, दुसरं काही मागणार नाही, असं तो नळाच्या आवाजात पुटपुटला.

काल ऑपरेशन झालं. चार तास लागले. आणि आज ती गाठ त्याच्या हातात होती.

दुपारचा एक वाजला होता. दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली, उन्हानं सगळा रस्ता पांढराफटक पडलेला. दोन रात्री धनराजच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चालता चालता त्याला वाटायला लागलं, आपण चालतच नाही, रस्ताच पायाखालून हळूहळू मागं जातोय. रिक्षांचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे यायला लागले. झाडांच्या सावल्या अंगावरून जात होत्या आणि त्यातली एक सावली जरा जास्त वेळ रेंगाळतेय असं वाटत होतं.

मग वास आला. ओल्या पोत्याचा.

त्यानं मागं वळून पाहिलं. रस्ता मोकळा. ना टेम्पो, ना हमाल. एवढ्या उन्हात मानेवर मात्र काहीतरी गार लागत होतं, कुणी उघड्या तोंडानं श्वास सोडावा तसं. धनराजला हसू आलं. तो बरणीला म्हणाला, "चल बाई, गुमान चल. तुझा मुक्काम आता लॅबमधी." गाठीतूनच हे सगळं निघतं, डॉक्टरांनीच सांगितलंय. एवढा साधा हिशोब. वास मात्र थेट लॅबच्या दारापर्यंत मागं राहिला.

लॅबमधल्या मुलीनं बरणी घेतली, नाव लिहिलं, पावती दिली. "गेली ब्याद एकदाची!" असं म्हणत धनराज मोकळ्या हातानं बाहेर आला. कोपऱ्यावर उज्वलासाठी शहाळं घेतलं. किती दिवसांनी त्याला शीळ घालावीशी वाटली.

दहा पावलं गेला असेल नसेल, पुन्हा वास. या खेपेला मागून नाही, पुढून.

धनराज थांबला. वासही थांबला, चार हातांवर. तो चालायला लागला तसा वासही चालायला लागला. जिथं धनराजला वळायचं होतं तिथं वास आधीच वळलेला असायचा. रस्ता वासाच्या ओळखीचा झाला होता... आपल्याच पाठोपाठ आला होता ना मघाशी! गाठ तर लॅबमध्ये आहे, कपाटात, पाण्यात बुडालेली. मग हे काय आहे? जन्मात पहिल्यांदा धनराज घाबरला होता, आणि घाबरल्यावर काय करायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

तो पळत सुटला. दवाखान्याचं फाटक दिसलं. दाराशी वॉचमन मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. धनराज अजून वीस पावलं लांब असताना त्यानं मान वर न करताच पाय आखडून घेतले आणि कुणाला तरी वाट दिली.

धनराज धापा टाकत वॉर्डात शिरला. उज्वला उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर चक्क रंग होता. निकिता सिस्टर बीपीचा पट्टा सोडत होती.

"एकशे अठरा, शहात्तर! बघा दादा, किती छान!"

उज्वला त्याच्याकडं बघत नव्हती. ती खाटेच्या पायथ्याशी बघत होती. कपाळावर घामाचा थेंब नाही.

"उज्वला..." त्यानं विचारलं. "कोन... हाय का तिथं?"

"हाय ना. तेच."

"मग... भ्या नाय वाटत?"

"नाय वो. कायच नाय वाटत," ती नवल वाटल्यासारखी हसली. "चार वर्षं मी उगंच हाकलीत व्हते. बघा की, उन्हातान्हाचं किती लांबून आलंय. उभंच हाय आपलं."

धनराज झेपावला आणि पायथ्याशी त्या जागेवर स्वतःच बसला. दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली. 'चालतं हो' एवढंच ओरडायचं होतं. ती बाई चार वर्षं रोज ओरडली होती! त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"अहो," उज्वला मायेनं म्हणाली, "जरा सरकून बसा ना."

तो सरकला नाही. तरी त्याच्या शेजारी गादी सावकाश खाली दबत गेली, आणि चादरीची ओल त्याच्या मांडीला लागली.

निकिता सिस्टर फायलीत आकडे लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "पेशंटपाशी एकानंच थांबायचं हं. दुसऱ्यांनी बाहेर बसा."

उज्वलानं धनराजच्या पाठीवर हात ठेवला.

"जा तुम्ही, जेवून या. दोन दिस पोटात अन्न नाय तुमच्या. हे बसतेत ना माझ्यापाशी."