शेजारचं लेकरू

दळण घेऊन महामाया गल्लीत शिरली तेव्हा अजून दिवेलागण व्हायची होती. पावसानं नांदेड नुसतं धुऊन काढलं होतं. आज जरा उघडीप होती. धरणाचे दरवाजे उघडणार म्हणून दुपारी ऑटोवर भोंगा लावून पुकारा झाला होता. पण असा पुकारा दर पावसाळ्यात होई, आणि नदीकाठच्या त्या गल्लीत तो कुणी मनावर घेत नसे.

शेजारची बबिता पिशवी घेऊन दारातच उभी होती. तुमचा गोलू निजलाय, माझी सृष्टीबी निजलीय, मी कोपऱ्यावरून दूध घेऊन येते, म्हणाली. जाता जाता टोला हाणलाच, "नदी आलीच मावशी, तर तिला तुमच्या समुद्राच्या गोष्टी सांगत बसा. कंटाळून माघारी जाईल."

महामायानं तिला एक शेलकी शिवी हासडली आणि उंबऱ्यावर टेकली. मुलगा आनंदराज आणि सून पंचशीला ड्युटीवर. घरात ती आणि तीन वर्षांचा नातू गोलू.

समुद्राच्या गोष्टी ती सांगायचीच, आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिचा बाप हिमायतनगरकडून मुंबईला गेला, माहीमच्या किनाऱ्यावर झोपडं बांधून राहिला. शेजारी एका हाताला खैरूनखाला, दुसऱ्या हाताला फिलोमिना, मागं कोळ्यांची ओळ. शाळेचं तोंड महामायानं पाहिलं नाही. वाळूत ओढलेल्या होड्यांवरची नावं वाचून ती अक्षरं शिकली. गावात ज्यांच्या सावलीवरून भांडणं व्हायची, त्यांच्या लेकीला फिलोमिना आपल्या ताटात जेवू घालायची आणि वर डोळे वटारायची, सांडलंस तर बघ. त्या वाळूनं आपल्याला ताठ मान दिली, असं महामाया म्हणे. लग्न होऊन इकडं आली तरी ती मान तिनं कुणापुढं वाकवली नाही.

आणि त्या वस्तीचा एक नेम होता. उधाणाची भरती दारात आली की आपलं पोर उचलायचं नाही. शेजारणीचं उचलायचं. कारण आपलं पोर काखेत असलं की बाई हंड्यासाठी वळते, ट्रंकेसाठी वळते, आणि तेवढ्यात लाट आत येते. दुसरीचं लेकरू हातात असलं की ती मागं बघत नाही, नीट उंचवट्याकडं पळते. महामायाला खैरूनखाला उचलायची. खालाच्या मुनीरला महामायाची आई.

अंधारत आलं तशी लाईट गेली. गल्ली एकदम काळी झाली आणि तिला वास आला. वाळत घातलेल्या बोंबलांचा. नांदेडात, भर भाद्रपदात. महामायानं पदर नाकाला लावला. मग गल्लीच्या टोकाकडून आवाज आला... पत्र्याचा डबा कुणीतरी लाकडानं बडवत होतं. बेताबेतानं, एकेका दारापाशी थांबत. माहीमच्या वस्तीत भरतीची वर्दी असाच डबा बडवून देत. पन्नास-साठ वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता.

डबा तिच्या दाराशी थांबला. अंधारात कुणी दिसलं नाही.

"उठ गे... पानी आया."

तिच्या पायाला गार लागलं. मागच्या नालीतून पाणी आत शिरत होतं. त्यानंतर महामायानं विचार केला नाही. अंगानंच सगळं केलं. ती बबिताच्या घरात धावली, झोपलेली सृष्टी उचलली, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातून, मागं न बघता, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अर्धवट इमारतीचा जिना चढून गच्चीवर गेली. जिना एकच होता. त्याच्या तोंडाशीच ती पोरीला छातीशी धरून बसली. मागून गल्लीतली माणसं ओरडत, एकमेकांना ओढत वर आली.

बबिता आली ती कमरेपर्यंत भिजून. लेक बघितली आणि ओढून पोटाशी घेतली. मग इकडं तिकडं बघून म्हणाली,

"मावशी... गोलू कुठं हाय?"

महामायाला वाटलं होतं, गोलूला कुणीतरी उचललं असणार. पण ही माहीमची वस्ती नव्हती. इथं तो नेम कुणाला ठाऊकच नव्हता.

आणि जे ती कुणाला सांगत नसे, ते तिच्यापुढं उभं राहिलं. एका पावसाळ्यात अशीच भरती आली. महामायाची आई त्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात गेली होती, आणि खालाला त्याचा पत्ता नव्हता. खालानं नेमाप्रमाणं महामायाला उचललं आणि पळाली. मुनीरला कुणीच उचललं नाही. त्यानंतरही प्रत्येक उधाणाला खालानं महामायालाच उचललं.

महामाया जिन्याकडं झेपावली. माणसांनी तिला धरलं. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. तिच्या घराचे नुसते पत्रे दिसत होते. "सोडा मला, माझं लेकरू हाय तिथं," एवढंच ती म्हणत राहिली, आणि त्या धिप्पाड बाईला धरता धरता चार गडी घामाघूम झाले.

तेवढ्यात पाठीमागं कुणीतरी खोकललं.

गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर गोलू बसला होता. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. भांग सरळ पाडलेला.

महामायानं त्याला उचललं, हुंगलं, पुन्हा पुन्हा हुंगलं. तिच्या कानाशी कोणी बोललं तरी ऐकू जाईना. मग तिनं विचारलं,

"तुला कुणी आणलं रे राजा?"

"आजीनं."

"म्या न्हाई आणलं रे..."

"दुसऱ्या आजीनं." गोलूनं पाण्याकडं बोट केलं. "ती परत गेली. तिचं बाळ राहिलंय म्हणे."

महामायानं त्या काळ्या पाण्याला हात जोडले. आयुष्यात ती कुणापुढं वाकली नव्हती. त्या दिवशी कपाळ गच्चीला टेकवलं.

आता ते स्टेशनच्या पलीकडं, उंचावर भाड्यानं राहतात. बबिता अन् तिचा नवरा मलप्पा खालच्याच मजल्यावर आहेत. महामायानं दोन्ही घरांना तो नेम शिकवलाय, आणि बबिता आता तिला हसत नाही. खालाचं नाव घेतल्याशिवाय म्हातारी घास तोंडात घालत नाही.

एकच गोष्ट ती सुनेला बोललेली नाही. गोलू पूर्वी गादीवर ऐसपैस, हातपाय पसरून निजायचा. हल्ली भिंतीला चिकटून निजतो, आणखी एका लेकरापुरती गादी मोकळी सोडून. झोपेतच कुणाशी तरी कुजबुजतो, हसतो. सकाळी ती मोकळी बाजू ओली असते.

महामाया रोज दोन्ही बाजूंना पुरेल अशी वाकळ पसरते आणि कडा नीट खोचते. वाकळीखाली पाय किती आहेत, ते ती बघत नाही.