शिडी धरणारा

"कोन हाय बे वर? उतर खाली!"

शिडीवर काठी आपटली आणि पुष्पांजलीच्या हातून मोबाईल पडता पडता राहिला. घाईघाईने डोळे पुसून तिने छताच्या कडेवरून खाली पाहिलं. एक उंच, सावळा तरुण उभा होता. वर पोरगी आहे म्हटल्यावर त्याची उगारलेली काठी हळूच पाठीमागे गेली.

"मी... संत्रे चोराले नाई आली," ती म्हणाली.

"थे दिसूनच राह्यलं. चोर काई रडत नाई."

तो गोविंदा, रुख्मिणीकाकूंचा मुलगा, नुकताच बाहेरगावाहून परतलेला. बाग त्यांचीच. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात मोबाईलवर समोरच्याचा चेहरा धड दिसेल असं नेटवर्क फक्त इथेच मिळायचं, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीच्या छतावर. काकूंनी पुष्पांजलीला वर बसायला परवानगी दिली होती, पण मुलाला सांगायचं मात्र त्या विसरल्या होत्या.

"मंग... बोला तुमी," गोविंदा ओशाळून म्हणाला. "शिडी जुनी हाय, हालते. उतरताना आवाज द्या. मी धरतो."

बोलणं संपल्यावर त्याने खरंच शिडी धरली. ती उतरेपर्यंत दुसरीकडे, लिंबाच्या झाडाकडे बघत राहिला. ती खाली आली तसं त्याने विचारलं, "नवरदेवाचा फोन होता काय?"

त्याचंही चुकलं नव्हतं. साखरपुडा झालेल्या पोरी अशाच कुठेतरी आडोसा गाठून तासभर फोनवर बोलायच्या, मध्येच रडायच्या, मध्येच हसायच्या. पण पुष्पांजलीच्या फोनवर होत्या वंदनाताई, मनाच्या त्रासासाठी समुपदेशन करणाऱ्या. हे गावात कळलं असतं तर उत्तमरावांची पोरगी डोक्याने गेली, अशी बोंब संध्याकाळच्या आत झाली असती.

"हाव," ती म्हणाली. एवढंच. इतकुसं खोटं... ओठांवरून सहज घसरून गेलं.

खरी गोष्ट अशी की, तिच्या घरात वडील आणि आशावहिनी एकमेकांशी बोलत नव्हते. घर एक, चूल एक, तोंडं मात्र दोन दिशांना. आणि दोघांच्या मध्ये पुष्पांजली. "पुष्पाताई, बाबाले सांगा, चाय झाला." "पुष्पे, तुह्या वहिनीले सांग, मले नाई पायजे." भाऊ कामाला बाहेरगावी. निरोप नेता-आणता पोरीची झोप उडाली, भरल्या घरात छाती धडधडू लागली. शेवटी कॉलेजातल्या मैत्रिणीने वंदनाताईंशी गाठ घालून दिली, आणि पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, "तुम्ही सगळ्यांचे निरोप नेता. तुमचा निरोप कोण नेतं?"

त्यावर तिला रडू कोसळलं होतं, आणि नेमकी तेव्हाच काठी आपटली होती.

मग दर गुरुवारी ती बागेत येऊ लागली, आणि दर गुरुवारी शिडीपाशी गोविंदा असायचा. ती वर बोलत असताना तो दूर जाऊन झाडांची आळी नीट करायचा, शेळ्या हाकलायचा. उतरली की तिच्या हातावर सोललेलं संत्रं ठेवायचा. कधी बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही संत्र्याकडे बघायची.

"नवरदेवाले ने ना दोनचार," तो एकदा म्हणाला.

"त्याले संत्रे आवडत नाई."

"संत्रे आवडत नाई? बाप्पा! मोडून टाक मंग!" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. "म्हंजे... तसं नाई म्हनत मी."

"मंग कसं म्हनतोस?"

"खाय ना तू संत्रं गुपचूप."

ती हसली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

काकू एकदा कुरकुरल्या, "गुरुवारी लाईन असूनबी हा पोट्टा मोटार लावत नाई. काऊन इचारलं, तं म्हने छत थरथरते." घरी जाताना पुष्पांजलीची पावलं उगाच हळू झाली.

"वर ये ना कधी," ती म्हणायची. "सातपुडा केवढा दिसते इथून!"

"नाई वं. दुसऱ्याची जागा हाय थे."

अशातच एक दिवस जेवताना उत्तमराव म्हणाले, "पुष्पे, तुह्या वहिनीले सांग, भाजी खारट झाली."

पुष्पांजलीने हातातला घास ताटात ठेवला. ती म्हणाली, "बाबा, वहिनी इथंच उभी हाय. तुमीच सांगा."

उत्तमरावांनी ताट जरा पुढे सरकवलं. "सूनबाई... भाजी जराशी खारट झाली."

"दही वाढू काय?" आशावहिनी म्हणाली.

एवढंच. पण त्या रात्री पुष्पांजलीला गाढ झोप लागली.

वंदनाताईंना हे ऐकून फार आनंद झाला. "छान! आणि तुमचा स्वतःचा निरोप?"

तिने खाली पाहिलं. संत्र्याला बहर आला होता. पांढऱ्या फुलांखाली गोविंदा ठिबकची नळी जोडत गुणगुणत होता.

"हाय एक, ताई... पन मीच खोटं बोलून बसली."

पुढच्या गुरुवारी काकूंनी तिला रस्त्यातच गाठलं. "पुष्पे, बागेत चालली ना? गोविंदाले सांगजो, रविवारी दुसरबीडले पोरगी पाहाले जायचं हाय. पांढरा सदरा धुऊन ठेवला म्हना. माह्यं तं ऐकतच नाई थो. तुह्यं ऐकते."

फुलांचा वास बांधापासूनच येत होता, पण आज ती त्यासाठी थांबली नाही. गोविंदाने शिडी धरली. ती वर गेली. फोन लागला.

"ताई, जरा थांबा," ती म्हणाली आणि छताच्या कडेशी आली. "गोविंदा! काकूनं सांगतलं, रविवारी दुसरबीडले पोरगी पाहाले जायचं हाय. पांढरा सदरा धुतला हाय."

त्याचा चेहरा उतरला. "अन् हे तू मले सांगून राह्यली?"

"हाव. हा काकूचा निरोप झाला. आता दुसरा."

"दुसरा कोनाचा?"

"माहा." तिने कठडा घट्ट धरला. "मले नवरदेव-बिवरदेव कोनी नाई. फोनवर एक ताई असते. मनाच्या दुखन्याचं पाह्यते. मले झोप लागत नव्हती, छाती धडधडे... लोक येडी म्हनतीन म्हून खोटं बोलली. हासाचं असंन तं हास आता."

तो हसला नाही. शिडी धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "एवढे गुरुवार त्या मानसाले मनातल्या मनात शिव्या देल्या मी... अन् थे बाई निघाली?"

"निरोप संपला नाई अजून."

"मंग सांग ना."

"रविवारी... जाऊ नोको."

वाऱ्याने दोन-चार फुलं त्याच्या खांद्यावर पडली. ती झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"आईनं परवाच सांगतलं होतं मले," तो म्हणाला. "तवापासून मलेबी झोप नाई. तुह्या ताईले इचार ना, माह्यासाठी टाइम हाय काय."

"आहे, आहे!" मोबाईलमधून आवाज आला. "पण आज नको. पुष्पांजली, मी पुढच्या गुरुवारी बोलते." फोन बंद झाला.

"बाई वं! ताईनं सारं ऐकलं," म्हणत पुष्पांजलीने तोंडावर ओढणी घेतली. आता गोविंदा मोठ्याने हसला.

"आईले तूच सांगशीन ना? तुह्यं बरं ऐकते थे."

"मी नाई. तुहा निरोप तूच सांग."

"सांगतो. आजच सांगतो." त्याने वर पाहिलं. "सातपुडा खरंच दिसते काय वं तिथून?"

"ये अन् पाह्य."

"येतो, पन... शिडी कोन धरीन?"

पुष्पांजली गुडघ्यांवर बसली, आणि शिडीची दोन्ही टोकं तिने हातात घट्ट धरली.

"मी."