उरलेला नान

ओलिम गवंड्याला जायचं होतं शेजारी. शिरला मुनिसाच्या अंगणात.

"कोण हवंय?" तिनं ओढणीला हात पुसत विचारलं.

"भिंत..." तो गडबडून म्हणाला.

मुनिसाला हसू फुटलं. भिंतींना काय तोटा! बुखाऱ्यातलं ते मातीचं घर ओलीनं फुगलं होतं. दुरुस्त करावं की नव्या वस्तीत फ्लॅट घ्यावा, यावरून आईशी तिचं रोज वाजत होतं.

"आलाच आहात तर आमचीही बघा की."

त्यानं भिंतीवर टिचकी मारली. आतून टिचकीला टिचकी आली! तो चटकन मागे सरला.

"इथं राहू नका. ही भिंत हिवाळा काढायची नाही."

"अहो, दुरुस्ती सांगितलीत तर उन्हाळाभर काम... वर आमचा चहा!"

"त्या मोहानंच जीभ अडखळतेय. पण तुम्ही धडधाकट राहायला हवं."

मुनिसाचे कान तापले.

आई मात्र ढिम्म. त्याच भिंतीवर खिळ्याला फर्रुखचा, तिच्या थोरल्याचा, नान टांगलेला होता. रशियाला कामाला निघताना तिथल्या रीतीप्रमाणे त्यानं त्याचा एक चावा घेतला होता. उरलेला परत आल्यावर त्यानंच संपवायचा. वर्षं लोटली, ना फोन ना निरोप.

"भिंत पाडायची नाही, घर सोडायचं नाही," आई म्हणाली. "पोरगं आलं तर जाईल कुठं?"

टेकू लावायच्या निमित्तानं ओलिम रोज येऊ लागला. आणि एका संध्याकाळी नान लहान दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी लहान.

"आलाय फर्रुख," आई शांतपणे म्हणाली. "जेवतोय."

मुनिसानं ओलिमला कोपऱ्यात गाठलं. "तुमचेच उद्योग ना? आईनं निघावं म्हणून?"

"करणार होतो," तो ओशाळला. "खोटं कशाला बोलू? आज त्यासाठीच आलो. पण बघा तरी..."

ताज्या चाव्याच्या मधोमध बारीकशी कड राहिली होती. फर्रुखच्या पुढच्या दातांत फट होती. ओलिमची बत्तिशी सलग — ती मुनिसानं चोरून कितीदा तरी बघितली होती!

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं त्याचा हात घट्ट धरला. भीती ओसरली तरी सोडवेना.

सकाळी खिळा रिकामा होता. आई कोरड्या डोळ्यांनी गाठोडी बांधत होती.

"जेवून गेला माझा मुलगा. चल, आपणही निघू."

सामान हलवायच्या दिवशी मुनिसानं ओलिमसमोर गरम नान ठेवला. "एक चावा घ्या."

"म्हणजे मला परत यावंच लागेल?"

"हो."

"आणि जायचंच नसेल तर?"

"मग संपवा की सगळा!" तिनं नान त्याच्यापुढे सरकवला. "जीव जडलाय माझा तुमच्यावर... कळत कसं नाही?"

त्यानं नान मोडला, अर्धा तिच्या हातात दिला.

आतल्या रिकाम्या खोलीत आई हळू आवाजात कुणाला तरी नव्या घराचा पत्ता सांगत होती. "तिसरा मजला... डावीकडचं दार..."

आणि तिच्या मागोमाग कुणीतरी तो घोकत होतं.