फॉइल लावलेली खिडकी

आमच्या न्यूमन या खाणगावात उजेड अडवायला निम्म्या घरांच्या खिडक्यांना स्वयंपाकाची फॉइल चिकटवलेली असते आणि दारावर पाटी: ‘रात्रपाळी. दार वाजवू नका.’ लोखंडाच्या खाणीत रात्रभर डंपर चालवून आले की मीही तसल्याच अंधारात शिरते. नवरा, ब्रेंट, तोवर दिवसपाळीला निघालेला असतो. पाळणाघरात जागा नाही. आठ महिन्यांची टिली झोपेल तेव्हा मी झोपायचं, असं ठरलं होतं.

एका दुपारी ती लवकर उठून रडू लागली. मी कानात बोळे घातले. पाचच मिनिटं, म्हटलं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पलीकडच्या खोलीत टिली पाळण्यात स्वस्थ पडलेली. लंगोट कोरडा, मानेच्या वळीत दुधाचा वास. रिकाम्या बाटलीवर खाणीतल्या लाल धुळीची बोटं उमटली होती. मी तर अंघोळ करून झोपले होते.

“झोपेत उठली असशील,” ब्रेंट म्हणाला. “कमाल आहे बाई! मला तर जागेपणी जमत नाही.”

मी ते पटवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोळे घातले. मग रोजच.

एकदा शेजारची ग्वेन कुंपणावरून ओरडली, “काय गं, भरदुपारी गाणी? रात्रभर डंपर हाकून एवढा दम येतो कुठून तुला?”

मी नुसती हसले. मी कधीच गात नाही.

त्याच दिवशी फॉइल ओरबाडून काढली, रजा टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी टिली रडायला लागली. दूध नको, खेळणं नको. उचललं की अंग ताठ करायची, माझ्या खांद्यावरून झोपायच्या खोलीकडे बघायची.

“मी आहे ना, राणी. मीच आहे.”

तिनं माझं तोंड हातानं दूर लोटलं.

रडून रडून तिचा आवाज बसला, तेव्हा मी फॉइल पुन्हा लावली. तिला पाळण्यात ठेवून आडवी झाले. कान उघडेच ठेवले.

पलीकडे पावलं वाजली.

रडणं थांबलं. गाणं सुरू झालं, माझ्या आवाजात. टिली खुदकन हसली. माझ्याजवळ ती अशी कधीच हसली नव्हती.

उठायला हवं होतं.

मी उशीखाली बोळे चाचपले. ते उबदार होते, कुणी आत्ताच कानातून काढून ठेवावेत तसे.

मी ते घातले.