हा नको, मॅडम

वीरेशनं पहिला कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला, तेव्हा मी चांगलीच वैतागले. चाकूरहून एसटीनं हाडं खिळखिळी करत नांदेडला यायचं, वजिराबादच्या त्या चिंचोळ्या दुकानात कॅमेरा पसंत करायचा आणि दुकानदारानंच म्हणायचं, "हा नको, मॅडम."

"का?"

"क्लिकचा आवाज लई हाय. तुमचं तोंड दिसायच्या आधीच हरणं पळतेत."

"तोंड बघून पळत नाहीत ना, मग झालं."

तो खाली मान घालून हसला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मला मेळघाटात वन्यप्राण्यांच्या अभ्यासाची तीन वर्षांची नोकरी लागली होती. कॅमेरा आपला आपण आणायचा आणि एक तारखेला हजर व्हायचं. दुसऱ्या खेपेला त्यानं दुसऱ्या कॅमेऱ्यात खोट काढली – उजेड कमी असला की फोटोत दाणे येतात म्हणे. ते दाखवायला तो मला विष्णुपुरीच्या धरणावर घेऊन गेला. आभाळ गच्च भरलेलं, पाणी राखेच्या रंगाचं. खंड्या पक्ष्याची वाट बघत आम्ही एका दगडावर दोन तास बसलो. खंड्या आला नाही… आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेला कॅमेरा जड निघाला. त्यानं माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि चटका बसल्यासारखं सोडून दिलं. "दिवसभर उचलणं व्हायचं न्हाई तुमच्यानं. दुसरा शोधून राहिलोय मी."

शेतात मी सोयाबीनची पोती उचलली आहेत, हे त्याला सांगितलं नाही. परतीच्या एसटीत एकटीच हसत बसले. कॅमेरा मिळाला की मी येणार नाही, म्हणून हा माणूस मला कॅमेरा विकतच नव्हता. आणि मलाही आता कॅमेऱ्यापेक्षा त्याचं ते "नको"च हवं होतं.

चौथ्या खेपेला ठरवूनच गेले. आज त्यानं "नको" म्हटलं की मनातलं सगळं बोलून टाकायचं. दोन दिवसांनी मला निघायचं होतं.

इतकं मळभ होतं की भर दुपारी दुकानात दिवे लावलेले. लांब लेन्स लावलेला कॅमेरा त्यानं काउंटरवर ठेवला.

"हा घ्या," तो म्हणाला.

मी उचलून पाहिला. वजन बेताचं. आवाज जवळजवळ नाहीच. मी वेड्यासारखी खोट शोधत राहिले.

"ह्यात काहीच वाईट नाही?"

"न्हाई."

"नीट बघा की."

तो बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिला. "घरी सांगितलं मी तुमचं. आईनं नाव विचारलं. लुंबिनी म्हणल्यावर… आडनाव विचारायची गरजच पडली न्हाई तिला. परवा घरचे उदगीरला माझी सोयरीक ठरवून आले."

"आणि तुम्ही?"

"मी… गप बसलो."

मला राग आला. त्याच्या आईचा नाही, त्याच्या गप्प बसण्याचा. आणि तरीही जीव त्याच्यातच अडकलेला, हे त्याहून वाईट होतं.

पैसे दिले. कॅमेरा डोळ्याला लावला. "पहिला फोटो तुमचा घेते." पण आत त्याचा चेहरा म्हणजे नुसता धूसर डाग. "फोकस होईना."

"ह्यातून जवळचं दिसत न्हाई," तो हळूच म्हणाला. "नऊ-दहा फूट तरी लागतेत. मागं सरा."

मी मागं सरले. दुकान संपलं, पायरी उतरले, रस्त्यावर आले. झिमझिम सुरू झाली होती.

"अजून?"

त्यानं मान हलवली. अजून.

आणखी दोन पावलं मागे गेले आणि तो एकदम स्पष्ट दिसला… हनुवटीवरचा जुना व्रण, ओल्या पापण्या. त्याचे ओठ हलले. रिक्षांच्या गोंगाटात ऐकू काहीच आलं नाही, पण लेन्समधून शब्द वाचता आले.

"नको, लुंबिनी."

मॅडम नव्हतं त्यात. मी बटण दाबलं. कॅमेरा खरंच चांगला निवडला होता त्यानं, आवाज अजिबात आला नाही.